पडद्यापुढील बडबड

चांगला चित्रपट कसा पाहावा, त्यांतील कथानक, छायालेखन, संगीत आणि अभिनय यांचें रसग्रहण कसें करावें, हें शिकविणारीं पुस्तकें आतां आपल्याकडे पुष्कळ झालीं आहेत. वाईट चित्रपट कसा पाहावा हें मात्र कोणी शिकवीत नाहीं. आणि खरी अडचण तर तीच आहे. कारण उत्तम चित्रपट वर्षांतून चार निघाले तर नशीब. बाकीचे सारे, मध्यम आणि त्याहून खालचे, आपल्याच वांट्याला येतात. त्यांच्यापुढें बसून जांभया द्याव्यात, रागानें उठून जावें, कीं आणखीही कांहीं करतां येण्याजोगें आहे? या महिन्यांत आम्ही या तिसऱ्या वाटेविषयीं लिहिणार आहों. कित्येक सुशिक्षित घरांतून ती आतां चांगलीच मळली आहे, आणि ती धरणाऱ्या तरुण मंडळीविषयीं वडीलधाऱ्यांच्या तक्रारीही आमच्या कानांवर येऊं लागल्या आहेत.

वाट साधी आहे. चित्रपट मुद्दाम पडेल निवडावयाचा, पांचदहा माणसांनीं एकत्र बसून तो पाहावयाचा, आणि पडद्यावर जें चाललें असेल त्यावर जागच्या जागीं, चढाओढीनें शेरे मारीत राहावयाचें. नाटकगृहांतल्या पिटांत ही विद्या जुनीच आहे. पण तेथें ती इतरांचा विरस करीत असे. घरच्या माजघरांत तिकीट काढून आलेला परका माणूस नसतो, म्हणून तिला तेथें मोकळें रान मिळालें आहे.

भाईंदरच्या पश्चिमेकडून उत्तनला जो रस्ता जातो त्यावर मुर्धा, राई आणि मोर्वा हीं गांवें लागतात. २००२ सालीं मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, आणि कागदोपत्रीं हीं गांवें आतां शहरांत जमा आहेत. तरी मिठागरांवरून येणारा खारा वारा आणि संध्याकाळीं ओट्यावर बसणारीं माणसें यांवरून राई अजून गांवच वाटते. तेथें आमच्या एका स्नेह्यांचें घर आहे. कुटुंब एकत्र: आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि पांच नातवंडें. कर्तीं माणसें पहाटेच्या लोकलनें मुंबईस जातात तीं रात्रीं परततात. जेवणें झालीं कीं जो तो आपापला फोन घेऊन आपापल्या कोपऱ्यांत. दहा माणसांचें घर, पण रात्रीं दहा वाजतां तेथें दहा निरनिराळे चित्रपट चाललेले असत, असें थोरल्या सूनबाई सांगतात. आतां शनिवारची रात्र मात्र निराळी असते. त्या रात्रीं एकच पडदा, एकच चित्रपट, आणि तोही बहुमतानें ठरविलेला, वाइटांतला वाईट. या कार्यक्रमास घरांत 'पारायण' असें नांव आहे. कारण हातीं घेतलेला चित्रपट कितीही असह्य झाला तरी अर्ध्यावर सोडावयाचा नाहीं, हा त्यांतला मुख्य नियम.

आम्हीं तेथें पाहिलेलें पहिलें पारायण 'पुराना मंदिर' या १९८४ सालच्या हिंदी भयपटाचें होतें. लहानग्यांस निजवून मंडळी बसली होती. कथा थोडक्यांत अशी कीं, दोनशें वर्षांपूर्वीं सामरी नांवाच्या एका नराधमास राजा शिरच्छेदाची शिक्षा देतो. त्याचें शिर पेटींत बंद करून हवेलींत ठेवतात, धड निराळ्या जागीं पुरतात. आणि मरणापूर्वीं तो राजवंशाला असा शाप देऊन ठेवतो कीं, त्या घरच्या स्त्रिया बाळंतपणांत मरतील. पुढें शिर आणि धड यांची गांठ पडते हें सांगावयास नकोच. थोरला नातू म्हणाला, "शिर एकीकडे आणि धड एकीकडे ठेवण्याइतकी दूरदृष्टि ज्या राजाला होती, त्याला दोन्ही जाळून टाकायचें सुचूं नये?" "दादा, त्यानें जाळलें असतें तर आपण आतां काय पाहिलें असतें?" असें त्याच्या चुलत बहिणीनें विचारलें. धाकट्या सूनबाई बँकेंत आहेत, त्या उद्गारल्या, "दोनशें वर्षें एकच लॉकर, आणि भाड्याचा पत्ता नाहीं!" इतक्यांत हवेलीचें दार कर्रकर्र वाजत उघडलें, तशी आजी म्हणाल्या, "घरांत एवढीं नोकरमाणसें, पण बिजागरीला तेल घालायला एकाला सवड नाहीं."

वाचकांनीं हे शेरे नीट पाहावेत. पहिला कथानकाच्या मुळावरच घाव घालतो. दुसरा त्याचें उत्तर देतो, आणि तें उत्तर पुष्कळशा नामांकित कथांनाही लागू पडेल. चौथा ध्वनियोजनेविषयीं आहे. (तिसरा केवळ बँकेविषयीं आहे, पण तोही असावा.) जांभई देणाऱ्याला यांतलें कांहींच दिसलें नसतें. थट्टा करावयाची म्हटली कीं डोळे आणि कान उघडे ठेवावे लागतात. कोणाचा पोषाख दाराबाहेर निळा आणि दाराआंत हिरवा झाला, दिवा विझल्यावरही भिंतीवर सांवली कशी राहिली, हें ज्याच्या ध्यानांत येतें तो पुढें चांगला चित्रपटही अधिक जाणतेपणानें पाहतो. या घरच्या मुलांस संकलन म्हणजे काय हें कोणी शिकविलें नाहीं. वाईट संकलनानें शिकविलें.

पण वाटेल तो वाईट चित्रपट या कामास चालत नाहीं, हें अनुभवानें कळतें. नुसता कंटाळवाणा असेल तर मंडळी पेंगूं लागते. ज्यांत कर्त्यानें जीव ओतला आहे आणि तरीही सारें फसलें आहे, तोच उपयोगी. 'पुराना मंदिर' ज्यांनीं काढला त्या रामसे बंधूंचीच हकीकत घ्या. त्यांचे वडील फत्तेहचंद रामसिंघानी हे कराचीचे. त्यांचें रेडिओचें दुकान होतें, आणि इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेवर आडनांवाचें 'रामसे' झालें. फाळणीनंतर ते मुंबईस आले. त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' हा १९७० सालचा चित्रपट पडला. पण त्यांतील एका दृश्यांत पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढें दृश्य पाहण्यास लोक पुनःपुन्हां येतात असें मुलांच्या ध्यानांत आलें. तेव्हां सारा चित्रपटच तशा दृश्यांचा कां करूं नये, असा त्यांनीं सरळ हिशेब केला, आणि १९७२ सालीं 'दो गज़ ज़मीन के नीचे' निघाला. मुलगे सात. एक लिहिणार, एक ध्वनि पाहणार, कोणी छायालेखक, कोणी संकलक, आणि तुलसी व श्याम हे दोघे दिग्दर्शक. चित्रणासाठीं सारें बिऱ्हाड महाबळेश्वरास नेलें. घरच्या बायकांनीं सर्वांचा स्वयंपाक केला. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस निराळें सांगावयास नको कीं, सात भावांनीं मिळून एखादी गोष्ट शेवटास नेणें हाच एक चमत्कार आहे. मग ती गोष्ट भुताची कां असेना.

अशा कळकळीच्या फजितीस हसण्यांत जें सुख आहे त्याचें मर्म आपल्या साहित्यशास्त्रानें पूर्वींच ओळखलें होतें. अभिनवगुप्तानें म्हटलें आहे कीं, कोणत्याही रसाच्या साधनांत अनौचित्य शिरलें कीं त्याचा आभास होतो, आणि त्या आभासांतून हास्य निपजतें. क्षेमेंद्रानें औचित्याचा विचार करतांना कंबरपट्टा गळ्यांत आणि हार कंबरेला घालणाऱ्याचा दाखला दिला आहे. अलंकार खोटे नसतात, जागा चुकलेली असते. भयानक रसाची सारी सामग्री, म्हणजे रात्र, वारा, घुबड, जुनें देऊळ, रामसे बंधूंनीं जमविली. पण ती अशी भरभरून कीं कंबरपट्टा गळ्यांत गेला. अमेरिकन लेखिका सुसान सोंटाग हिनें १९६४ सालच्या आपल्या एका प्रसिद्ध निबंधांत जवळजवळ हेंच निराळ्या शब्दांत मांडलें. तिच्या मतें या जातीची खरी मौज कर्त्याच्या निरागस गांभीर्यांत असते. तें गांभीर्य फसतें, पण तें खरें असतें. मुद्दाम हसें करून घेण्यासाठीं काढलेल्या चित्रपटांत ही गोडी उतरत नाहीं, आणि नुसत्या पैशाच्या जोरावर बिघडलेल्यांत तर मुळींच नाहीं. 'शोले' हा १९७५ सालचा चित्रपट पुन्हां काढण्याच्या हव्यासानें २००७ सालीं 'राम गोपाल वर्मा की आग' निघाला. मोठे नट, मोठा दिग्दर्शक. पण राईंत त्याचें पारायण अर्ध्या तासांत मुकें झालें. नियमामुळें तो संपेपर्यंत सगळे बसले, इतकेंच.

'लंकादहन' या १९१७ सालच्या फाळक्यांच्या मूकपटांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानें केल्या होत्या, आणि सीतामाईचे दंड चांगले पीळदार दिसत. आज तें पाहून कोणासही हसूं येईल. त्या वेळच्या प्रेक्षकांस आलें नाहीं. पडद्यावर रामचंद्र दिसतांच लोक पायांतले जोडे काढीत. दंड त्यांनाही दिसत असणार. पण हास्यास्पद काय हें केवळ पडद्यावर ठरत नाहीं, पाहणाऱ्याच्या मनांत काय आहे त्यावरही ठरतें. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. आम्हांस त्याच्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

चित्रपटापुढें बोलणें ही गोष्ट मुळांत अशिष्ट नव्हती. मूकपटांत मजकुराच्या पाट्या येत, आणि अक्षरओळख असलेला माणूस शेजारच्यांसाठीं त्या मोठ्यानें वाची. त्याच्या आवाजाचें शेजाऱ्यांस अगत्यच वाटे. जपानांत तर त्यांतून एक मानाचा धंदा निघाला. 'बेन्शी' नांवाचे निवेदक पडद्याच्या बाजूस उभे राहून सर्व पात्रांचीं भाषणें स्वतःच म्हणत आणि वर भाष्यही करीत. कित्येक प्रेक्षक नटापेक्षां बेन्शीचें नांव पाहून तिकीट काढीत. बोलपट आले आणि पडदाच बोलूं लागल्यावर प्रेक्षकाकडून गप्प बसण्याची अपेक्षा होऊं लागली.

ती मोडून काढण्याचें श्रेय अमेरिकेंतील एका छोट्या दूरचित्रवाणी केंद्राकडे जातें. मिनेसोटा राज्यांतील या केंद्रावर १९८८ सालीं जोएल हॉजसन नांवाच्या विनोदी नटानें 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' हा कार्यक्रम सुरू केला. एखादा जुना, टाकाऊ चित्रपट सबंध दाखवावयाचा, आणि पडद्याच्या तळाशीं प्रेक्षागृहाच्या खुर्च्या, एक माणूस व दोन यंत्रमानव यांच्या काळ्या आकृति दिसत राहावयाच्या. तिघेही सतत बोलत असावयाचे. कार्यक्रम १९९९ सालापर्यंत चालला आणि २०१७ सालीं पुन्हां निघाला. ऐकणाऱ्यास वाटे कीं हे सहज सुचेल तें बोलत आहेत. वास्तविक लिहिणारी मंडळी एकेक भिकार चित्रपट पुनःपुन्हां पाहून त्यावरचे शेंकडों शेरे आधीं लिहून काढीत. ज्यानें तो चित्रपट काढला त्यानेंही तो इतक्या वेळां पाहिला असेल कीं नाहीं, शंका आहे.

आपल्याकडे हें वेड प्रथम वसतिगृहांत वाढलें. कांती शाह यांचा 'गुंडा' हा मिथुन चक्रवर्तींचा चित्रपट १९९८ सालीं निघाला आणि पडला. पुढें कांहीं वर्षांनीं अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांना तो सांपडला. त्यांतले खलनायक आपापली ओळख यमकें जुळवून करून देतात, आणि तीं यमकें मुलांनीं स्तोत्रांप्रमाणें मुखोद्गत केलीं. यमकें खरोखरच अचाट आहेत हें आम्हांस मान्य आहे. तरी तो चित्रपट घरांत लावण्याजोगा नाहीं, आणि याचें कारण केवळ ग्राम्यता हें नव्हे. त्यांत स्त्रीवरील अत्याचाराचीं दृश्यें आहेत, आणि एकदां हसण्याचा वेग लागला कीं माणूस त्यांनाही हसून जातो. वसतिगृहांतल्या मुलांस हें कोणी विचारलें नसेल. घरांत विचारावें लागतें.

थट्टा करणाऱ्याच्या अंगीं किती ताठा येऊं शकतो याचें उदाहरण आमच्या याच उत्तर कोंकणांत सांपडतें. पालघरजवळचें मासवण हें बाबूराव पटेलांचें जन्मगांव. १९३५ सालीं त्यांनीं 'फिल्मइंडिया' हें इंग्रजी मासिक काढलें, आणि पुढें कित्येक वर्षें मुंबईच्या चित्रपटधंद्यांत त्यांच्या परीक्षणाची धास्ती असे. चित्रपट फाडून काढण्यांत त्यांचा हात कोणी धरला नसता. छायाचित्राखालच्या एका ओळींतही ते नटाची रेवडी उडवीत. असे बाबूराव स्वतः दिग्दर्शनासही बसत. सुशीलाराणींस नायिका करून त्यांनीं १९४४ सालीं 'द्रौपदी' आणि १९४६ सालीं 'ग्वालन' काढला. दोन्ही चालले नाहींत. इतरांना ज्या मापानें त्यांनीं मोजलें त्याच मापानें त्यांना मोजण्याची संधि पुष्कळांनीं साधली असेल. आम्ही ती साधूं इच्छीत नाहीं. विनोदबुद्धि असणें आणि चित्रपट काढतां येणें या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि पहिलीच्या जोरावर दुसरी अंगीं असल्याचा भास होतो, एवढेंच येथें सांगावयाचें.

आतां वडीलधाऱ्यांच्या तक्रारीकडे वळतों. तक्रार अशी कीं, मुलांस प्रत्येक गोष्टीस हसण्याची खोड लागते. राईंतील घरींही हा प्रसंग आलाच. एका शनिवारीं आजींनीं स्वतः चित्रपट सुचविला: 'माहेरची साडी'. विजय कोंडके यांचा हा १९९१ सालचा चित्रपट एका राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला होता. अलका कुबल त्यांत सासरचा छळ सोसणारी मुलगी झाल्या होत्या. तो पाहण्यास खेड्यापाड्यांतून बायका गाड्या भरभरून आल्या आणि पदर भिजवून गेल्या. शहरांतले शिकलेले लोक तेव्हांपासून त्याची थट्टा करीत आले आहेत. आजींनीं नांव काढतांच नातवांच्या तोंडाला पाणी सुटलें. चित्रपट सुरू झाला आणि नायिकेचे डोळे पहिल्यांदा भरून आले, तोंच धाकटा नातू म्हणाला, "मीरा-भाईंदरचा पाणीप्रश्न सुटला! हिला एक नळजोडणी द्या." सगळे खो खो हसले. मग शेऱ्यांवर शेरे सुरू झाले. थोड्या वेळानें आजी उठल्या. "उद्यांचे वाल भिजत घालायचे राहिलेत," असें म्हणून त्या आंत गेल्या. वाल संध्याकाळींच भिजत घातले होते, हें घरांत प्रत्येकास ठाऊक होतें.

थोरल्या सूनबाईंनीं चित्रपट बंद केला. पारायण अर्ध्यावर सुटण्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातीनें आजीजवळ बसून विचारलें, तेव्हां आजींनीं आपल्या एका चुलत बहिणीची गोष्ट सांगितली. सासर तसलेंच होतें; दोनदां माहेरीं आली, दोनदां बापानें त्याच गाडीनें परत पाठविली; तिसऱ्या वेळीं आलीच नाहीं. "तुम्ही हसलांत त्यांत कांहीं चुकलें नाहीं," आजी म्हणाल्या. "चित्रपट आहेच तसा, मला का तें दिसत नाहीं? पण मी त्या चित्रपटासाठीं रडत नव्हतें ग."

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित आणि हसित हे उत्तमांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. अपहसिताचें एक लक्षण असें दिलें आहे कीं, तें अस्थानीं असतें, म्हणजे नको त्या जागीं येतें. त्याच ग्रंथांत पुढें प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करतांना, द्वेषानें टाळ्या पिटणारे, शेण आणि ढेकळें टाकणारे, फार काय मुंग्या सोडणारे प्रेक्षक यांचाही मुनींनीं उल्लेख केला आहे. तेव्हां पिटांतला दंगा हें कलियुगाचें लक्षण मानण्याचें कारण नाहीं. पण आदर्श प्रेक्षक कोण, हेंही तेथेंच सांगितलें आहे. पात्राच्या आनंदानें जो आनंदतो, शोकानें शोकाकुल होतो, दैन्यानें दीन होतो, तो प्रेक्षक. या व्याख्येंत राईच्या त्या माजघरांत त्या रात्रीं एकट्या आजी बसत होत्या. बाकीचे परीक्षक होते.

आमचें म्हणणें असें नाहीं कीं परीक्षकांनीं घरांत बसूं नये. साळुंक्यांच्या दंडाकडे पाहून न हसणारा भाविक आणि त्याच दंडास हसणारा आजचा मुलगा, दोघांनाही आपापल्या जागीं दिसलें तें खरेंच होतें. अडचण ते दोघे एकाच बैठकींत शेजारीं बसतात तेव्हां येते. आणि एकत्र कुटुंबांत ते नेहमींच शेजारीं बसतात. त्या घरानें यावर एक नियम केला: बैठकींत कोणाचेही डोळे ओले दिसले कीं शेरे बंद, मग तो चित्रपट कितीही गळेपडू असो. पुढच्या शनिवारीं 'माहेरची साडी' पुन्हां पहिल्यापासून लावला आणि सर्वांनीं निमूटपणें पाहिला. शेवटचीं दृश्यें चाललीं असतां सनया आणि व्हायोलिनें असा कांहीं टाहो फोडूं लागलीं कीं खुद्द आजीच डोळे पुशीत म्हणाल्या, "हे वाजवणारे जरा थांबतील तर मला नीट रडतां येईल." त्या रात्रींचा तोच एक शेरा, आणि आम्हीं त्या घरीं ऐकलेल्यांत तोच सर्वांत मार्मिक.

हा असा नियम मोठमोठ्यांनाही उशिरां सुचतो. हॉलिवूडमध्यें १९८१ सालापासून वर्षांतल्या वाइटांत वाईट चित्रपटांस आणि नटांस 'गोल्डन रास्पबेरी' नांवाचें पारितोषिक थट्टेनें देण्यांत येतें. आपल्याकडे दिल्लीस २००९ सालीं निघालेलें 'गोल्डन केला' हें त्याचेंच भावंड. या रास्पबेरीवाल्यांनीं २०२२ सालीं ब्रूस विलिस या नटाच्या एका वर्षांतील आठ चित्रपटांसाठीं एक स्वतंत्र वर्गच काढला. मार्च महिन्याच्या अखेरीस त्याच्या कुटुंबीयांनीं जाहीर केलें कीं त्याला वाचाघाताचा विकार जडला आहे. ज्या रुक्ष, तुटक बोलण्यास लोक हसत होते त्याचा अर्थ एका दिवसांत बदलला. पारितोषिक मागें घेण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं त्यांच्या यादींत एका बारा वर्षांच्या मुलीचें नांव आलें. लोक खवळले, तेव्हां क्षमा मागून अठरा वर्षांखालील कोणाचेंही नांव घ्यावयाचें नाहीं असें ठरलें. चित्रपटास हसणें आणि नटास हसणें यांत चार बोटांचेंच अंतर असतें. राईंतील मुलें शेरे मारतात ते राजाच्या अकलेवर, हवेलीच्या दारावर, आकाशांतून लोंबणाऱ्या वटवाघळाच्या दोरीवर. नटीच्या रूपावर किंवा नटाच्या उच्चारावर कोणी घसरलें कीं त्यांचे काका खांकरतात. शब्दानें कधीं बोलत नाहींत, खांकरतात.

या काकांच्या खांकरण्यास आणखी एक कारण असतें. मीरा रोड आणि भाईंदर येथें चित्रपट व मालिका यांच्या धंद्यांतलीं पुष्कळ माणसें राहतात; त्यांत नांवाजलेले थोडे, आणि गर्दींत उभे राहणारे, रंगभूषा करणारे, दिवे उचलणारे फार. या घराशेजारीं राहणारे एक गृहस्थ वीस वर्षें दिव्यांच्या कामावर होते. पारायणाचा आवाज भिंतीपलीकडे त्यांना ऐकूं जाई. ते दुखावत असतील अशा समजुतीनें काका एकदां त्यांच्याकडे दिलगिरी व्यक्त करण्यास गेले, तों ते म्हणाले, "अहो, मला बोलवा कीं!" तेव्हांपासून ते येतात. मुलें भिंतीवरच्या दुहेरी सांवलीस हसलीं कीं ते समजावून सांगतात कीं अशा ठिकाणीं दिवा एकच भाड्यानें आणलेला असतो, दुसरा कोणा भलत्याच कामावरून मागून आणावा लागतो, आणि पहाटे चारला जागेची मुदत संपत असते. सांवली पाहण्यास कोणाचे डोळे उघडे असतात? मुलें हें तोंड वासून ऐकतात आणि पुढची सांवली स्वतःच शोधूं लागतात.

या गृहस्थांच्या तोंडून आम्हीं ऐकलेल्या शेऱ्यांत दयामाया म्हणून कसली नव्हती. एका दृश्यांत नायक जमीनदाराच्या प्रचंड वाड्यांत शिरला, तेव्हां ते मान हलवून म्हणाले, "या जिन्यावरून मीं चार चित्रपटांत मुडदे खालीं येतांना पाहिलेत. पडदे तेवढे बदलतात." मग तो जिना पुढें कोणत्या चित्रपटांत आहे हें मुलांनीं त्यांच्याकडून लिहून घेतलें, आणि तीन शनिवारांची तरतूद झाली.